‘विरोध का केला नाही?’ : एका प्रश्नाची चिकित्सा

अलीकडे एका महाविद्यालयात दलित आत्मकथनांवर चर्चासत्र होते. निबंधवाचन संपले, प्रश्नोत्तरे सुरू झाली. ‘अक्करमाशी’विषयी बोलणे चालले होते. पदवीच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी उठला. मुलगा आपल्यातलाच, वाचणारा, जयंतीच्या वर्गणीपासून मोर्चापर्यंत सगळीकडे असणारा. त्याने विचारले, “सर, लेखकाच्या आईने पाटलाला विरोध का केला नाही?” सभागृहात थोडी चुळबुळ झाली. अध्यक्षांनी ‘परिस्थिती’ हा शब्द दोन-तीन वेळा वापरून वेळ मारून नेली आणि पुढचा प्रश्न मागितला. मीही व्यासपीठावर होतो. मलाही त्या वेळी काही सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. मुली मागच्या तीन रांगांत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही मान वर केली नाही. ते मात्र मी पाहिले.

त्या मुलाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि तो त्याचा एकट्याचा नव्हता. खुद्द शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात आपल्या जन्माचा शोध घेताना आईविषयी हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे. आईने हे मान्य कसे केले, सहन का केले, या प्रश्नाने लेखक तळमळतो. मराठी समीक्षेने त्या तळमळीचे पुष्कळ कौतुक केले. पितृत्वाचा प्रश्न, अस्मितेचा प्रश्न, रक्ताचा प्रश्न यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. पण तो प्रश्न कुणाला उद्देशून आहे, तो विचारताना कोणती गृहीते धरली आहेत, याची तपासणी फारशी कुणी केली नाही. आई ही ‘शोषणाचे प्रतीक’ ठरली आणि प्रतीकाला मन असण्याची गरज नसते.

आता त्या आईची स्थिती पाहा. नवरा पाटलाच्या शेतावर राबणारा. म्हणजे घरातली चूल पाटलाच्या मर्जीवर. पाटलाची नजर पडल्यावर तिचा संसार मोडतो. तो मोडायला पाटलाला कायदा लागत नाही, आपलीच जातपंचायत सोडचिठ्ठी देते. मुलगे नवऱ्याकडे राहतात. बाई उघड्यावर पडते आणि ज्याने उघड्यावर पाडले त्याच्याच आधाराला जाते. पुढे मूल झाल्यावर तो ते आपले नाही म्हणतो. या साखळीत तिने ‘हो’ म्हटले तो क्षण नेमका कोणता? ‘नाही’ म्हटले असते तर ते ऐकणारा कोण होता? ‘विरोध का केला नाही?’ हा प्रश्न विचारणारा माणूस दोन गोष्टी धरून चालतो. एक, शरीर तिच्या मालकीचे होते. दोन, तिच्या नकाराला त्या गावात काही किंमत होती. मुळात या दोन्ही गोष्टी तिच्याजवळ नव्हत्या.

हाच प्रश्न मी आधी एका वेगळ्या जागी वाचला होता, म्हणून चर्चासत्रानंतर तो मला सोडीना. ती जागा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर १९७८ चा निकाल. वाङ्मयाच्या अभ्यासकाने निकालपत्रेही संहिता म्हणून वाचावीत असे माझे मत आहे. कादंबरीकार जे लपवतो ते न्यायमूर्ती कधी कधी उघड लिहून जातात.

मथुरा खटला या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. २६ मार्च १९७२ च्या रात्री, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेली घटना. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, मजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. एका पोलिसाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगचटी केली असा आरोप. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांनाही सोडले. मुलगी खोटे बोलणारी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असा त्या निकालाचा सूर होता. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. धाकाने हतबल होऊन शरीर सोपवणे म्हणजे संमती नव्हे, हा फरक नागपूरने स्पष्ट केला होता. दिल्लीने तो पुसला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे झटापट झाली नाही; झटापट झाली नाही, म्हणजे ओरडल्याचे तिचे सांगणे बनावट; आणि ते बनावट, म्हणजे जे झाले ते राजीखुशीने. अशी ती तर्काची उतरंड. जवळची माणसे बरोबर असताना ती पोलिसांपुढे इतकी दबून जाईल हेही न्यायालयाला पटले नाही.

ही ‘जवळची माणसे’ कोण होती? तीही मजुरीच करणारी. पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभे राहिले की ज्यांच्या तोंडचे पाणी पळते, अशी. न्यायमूर्तींच्या डोळ्यांपुढे जी ‘जवळची माणसे’ असतील ती ठाण्यात शिरल्यावर फौजदार खुर्ची देत असावा. निकालातला हा एक मुद्दा मला त्यातल्या सगळ्या कलमांपेक्षा अधिक बोलका वाटतो.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि संमती व शरणागती यांतला फरक पुन्हा मांडला. देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडावे लागले. दोन बोटांची तपासणी केल्यास ते गैरवर्तन मानावे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले तेव्हा २०२२ साल चालू होते. देसाईगंजच्या त्या रात्रीला पन्नास वर्षे झाली होती.

कायद्याच्या पुस्तकातून प्रश्न गेला. चर्चासत्राच्या सभागृहातून गेला नाही. तो कुठे दडून बसतो? मला वाटते, प्रथम भाषेत. आपल्याकडचे शब्द पाहा. ‘अब्रू लुटली’. लुटली गेली ती अब्रू, आणि अब्रू कुटुंबाची, म्हणजे पुरुषाची. ‘विनयभंग’. मोडला तो विनय. बाईला काही झाले की नाही, शब्दाला ठाऊक नाही. ‘अतिप्रसंग’ म्हणजे तर प्रसंगच अधिक झाला, करणारा कुणी नाहीच. ‘बाटवली’ हा शब्द थेट शिवाशिवीच्या कोठारातून आलेला. आणि ‘बलात्कार’ या शब्दात तर बळच बसलेले आहे. ऐकणारा आपोआप बळाच्या खुणा शोधू लागतो. ओरखडा कुठे, फाटलेले लुगडे कुठे? ज्या गावात पाटलाला बळ लावावेच लागत नाही, त्या गावातल्या अत्याचाराला या शब्दकोशात नाव नाही.

मानसशास्त्राने तरी या प्रश्नाचे काय केले? इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे फ्रॉईडचे नाव घेऊन वाङ्मयीन समीक्षा पुष्कळ झाली, पण ही गोष्ट क्वचितच सांगितली गेली. १८९६ साली व्हिएन्नात फ्रॉईडने आपल्या अठरा रुग्णांच्या आधाराने असे मांडले की हिस्टेरिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या मुळाशी बालपणी प्रत्यक्ष झालेला लैंगिक अत्याचार असतो. श्रोत्यांनी ते थंडपणे घेतले. पुढच्याच वर्षी त्याने आपले मत बदलले. रुग्ण सांगतात ते घडलेले असेलच असे नाही, पुष्कळदा ती त्यांच्या मनातली कल्पना असते, इच्छा असते, असे तो म्हणू लागला. या बदलातून मनोविश्लेषणाची सारी इमारत उभी राहिली हे खरे, आणि तिच्यात मोलाचे पुष्कळ आहे हेही मी नाकारत नाही. पण सांगणाऱ्या बाईवर विश्वास न ठेवण्याला त्यातून एक शास्त्रीय बैठक मिळाली. मुलगी खोटे बोलते असे सत्र न्यायालय म्हणते. तिला ते भासले असे दवाखाना म्हणतो.

फ्रॉईडचाच एक जवळचा सहकारी, हंगेरीचा फेरेन्झी, याने १९३२ साली वीसबाडेनच्या परिषदेत वेगळे सांगितले. फार मोठ्या भीतीखाली सापडलेले मूल झगडत नाही, ते आपली इच्छाच गुंडाळून ठेवते. मोठ्या माणसाला काय हवे ते ओळखून यंत्रासारखे वागू लागते आणि त्याचा अपराधही आपल्या अंगावर घेते. फ्रॉईडला हे रुचले नाही. या निबंधाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले ते १९४९ साली. दरम्यान सतरा वर्षे गेली.

नंतर अभ्यास वाढला. १९७४ साली अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बॉस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात आलेल्या स्त्रियांच्या आधारे अत्याचारानंतरच्या मानसिक आघाताचे वर्णन केले. काही स्त्रिया रडत होत्या, थरथरत होत्या. काहींचा चेहरा मात्र अगदी शांत होता. हा शांतपणा आघाताचेच एक रूप असल्याचे त्यांनी नोंदवले. म्हणजे आपला निकाल लागण्याच्या चार वर्षे आधी. २०१७ साली स्टॉकहोमच्या एका दवाखान्यातल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सत्तर टक्के स्त्रियांचे शरीर अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात गोठून गेले होते. हलता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. हे ठरवून होत नाही. जिवावरच्या संकटात सापडलेल्या प्राण्याचे शरीर आपोआप करते ते हे.

खरे म्हणजे आपल्या आयाबायांना हे सांगायला स्टॉकहोम लागत नव्हते. ‘वाचाच बसली’, ‘दातखीळ बसली’, ‘हातापायातलं बळ गेलं’, हे त्यांच्या तोंडी नेहमीचे. शास्त्र आज जे म्हणते ते या तीन वाक्प्रचारांत आहे. न्यायालयात आणि समीक्षेत ही मराठी चालत नाही, एवढेच.

परंतु इथे थांबलो तर आपण अर्ध्या वाटेत थांबू. बॉस्टनची किंवा स्टॉकहोमची बाई त्या एका रात्री गोठते. आपल्या गावकुसाबाहेरच्या बाईचे गोठणे त्या रात्री सुरू होत नाही, ते तिला लहानपणापासून शिकवलेले असते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये याचे शिक्षण कसे दिले जाते ते पाहावे. सवर्ण माणूस समोरून आला की महारणींनी वाट सोडून बाजूला उतरायचे, पदराने अंग झाकायचे, खाली वाकून जोहार घालायचा. एखाद्या नव्या सुनेकडून हे चुकून राहिले तर चावडीवर बोलावणे, साऱ्या महारवाड्याला दम, आणि मग घरात सासू-सासऱ्यांचा उद्धार. मान खाली, आवाज बारीक, अंग चोरलेले. दिवसातून दहादा हा सराव. पुढे एखाद्या संध्याकाळी त्याच माणसांपैकी कुणी शेताच्या बांधावर हात धरला, तर त्या शरीराने अचानक ताठ उभे राहावे आणि किंकाळी फोडावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

म्हणून व्यक्तीच्या मनाचा अभ्यास आणि जातीचा अभ्यास हे दोन वेगवेगळे विभाग करून चालत नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे असे दाखवले. जात बंदिस्त ठेवायची तर स्त्रीपुरुषांची संख्या आणि त्यांचे संबंध दोन्ही ताब्यात ठेवावे लागतात. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्याची साधने. पंचविशीतल्या विद्यार्थ्याचा तो निबंध. जात ही मुळात स्त्रीच्या लैंगिकतेवरची पहाऱ्याची व्यवस्था आहे, हा त्याचा निष्कर्ष आजही पुरता पचवला गेलेला नाही. त्याला एक जोड मी देईन. ज्या व्यवस्थेत आपल्या जातीची बाई कुलूपबंद असते, त्याच व्यवस्थेत खालच्या जातीच्या बाईच्या दाराला कडी नसते. हे दोन स्वतंत्र नियम नाहीत. एकाच घराची पुढची आणि मागची बाजू आहे.

अशा वेळी ‘विकृती’ हा शब्द आपल्याला फसवतो. घटना घडली की वर्तमानपत्रे ‘नराधम’, ‘वासनांध’, ‘लिंगपिसाट’ असे शब्द काढतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या मुलाखती छापून येतात. जणू वेड लागलेला कुणी परका इसम आभाळातून पडला. सरकारी गुन्हे नोंदीचे वार्षिक आकडे दरवर्षी सांगतात की बहुसंख्य प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. अमेरिकेत तुरुंगातल्या गुन्हेगारांशी बोलून निकोलस ग्रॉथ याने १९७९ साली लिहिले की बलात्काराच्या मुळाशी कामेच्छेपेक्षा सत्ता आणि संताप अधिक असतो. आपल्या ग्रामीण वास्तवाला ही मांडणी निम्मी लागू पडते. सत्ता आहेच, संताप मात्र नेहमी असतोच असे नाही. पाटलाला राग कशाला येईल? तो तर पिकातले कणीस खुडावे तसा वागतो. ‘अक्करमाशी’तला पाटील विकृत नाही, तो गावातला एक सर्वसामान्य, प्रतिष्ठित माणूस आहे. वाचकाच्या अंगावर काटा यायला हवा तो या सर्वसामान्यपणाने.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली तेव्हा पहिल्या दिवसांत जे कारण पसरवले गेले ते ‘अनैतिक संबंध’ हे होते. मारणारा जमाव होता, पाहणारे गाव होते. तरी बाईच्या चारित्र्याची चौकशी आधी. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारही त्या निकालात सिद्ध धरला गेला नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवी प्रकरणात १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडताना उच्चवर्णीय पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाहीत अशा आशयाचा तर्क लढवला. शिवाशिव ही निर्दोषपणाचा पुरावा म्हणून कामाला आली. दिवसा शिवायचे नाही आणि रात्री शिवल्याचे मानायचे नाही.

इथवर जे लिहिले ते आपल्या वाचकाला गोड वाटेल, कारण बोट बाहेरच्याकडे आहे. आता आत वळू.

‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवले. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागलेला हा माणूस वाचकांच्या लैंगिक अडचणींना सरळ उत्तरे देत असे. हस्तमैथुनाने क्षय होतो का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, असल्या भीतीने पोखरलेल्या माणसांना तो शास्त्राच्या भाषेत धीर देई. अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते बाबासाहेब. लैंगिक प्रश्नावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, आणि लोक प्रश्न विचारतात तर जाणकाराने उत्तर दिलेच पाहिजे, ही त्यांची बाजू. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागेही बाबासाहेबच होते. तोही ठराव फेटाळला गेला.

माझा एक आक्षेप कर्व्यांच्या चाहत्यांवर आहे. ‘समाजस्वास्थ्य’चा वाचक पत्र लिहू शकणारा होता. त्याच्याकडे निदान बंद करता येणारी खोली होती आणि लपवावे असे खासगी मन होते. कामाठीपुऱ्यातल्या, नाहीतर परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांत झोपणाऱ्या बाईचा प्रश्न त्या टपालात येणे अवघडच होते. पण दुसरा आक्षेप आपल्यावर आहे आणि तो अधिक गंभीर आहे. बाबासाहेबांचा १९३४ चा हा वकीलनामा आपल्या किती शिबिरांत शिकवला जातो? आपण १६ जून १९३६ चे दामोदर हॉलमधले भाषण सांगतो. जोगतिणी, आराधी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे केलेले. हा धंदा सोडा, समाजाबरोबर सन्मानाने जगायला या, हे त्यांचे आवाहन. ज्या समाजाच्या बाईचे शरीर देवाच्या नावावर वाटले जात होते, त्या समाजाला त्या काळी हेच सांगणे भाग होते, असे मी मानतो. पण पुढे आपण दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या नाहीत. १९३६ मधली अब्रू घेतली, १९३४ मधला मोकळेपणा टाकला. त्यामुळे आपल्या घरांत सन्मान आला तो पुष्कळदा पांढरपेशांच्या पदराआडून. मुलगी शिकली, पण तिच्या शरीराविषयी बोलायला घरात शब्द आला नाही. तिला कुणी त्रास दिला तर ती आधी समाजाच्या अब्रूचा विचार करते आणि गप्प बसते.

आत्मकथनांतही हे दिसते. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) मुंबईतल्या कावाखान्यातले जग निर्भीडपणे मांडले. त्याच पुस्तकात निवेदकाच्या मनातला बायकोविषयीचा संशय आणि त्यातून मोडलेला संसारही आहे. लेखकाने तो लपवला नाही, ही त्याची थोरवी. पण आपल्या समीक्षेने त्या संशयाकडे ‘व्यक्तिगत शोकांतिका’ म्हणून पाहिले आणि पान उलटले. संशय हा व्यक्तिगत नसतो. ‘जिणं आमुचं’मध्ये संशयावरून सुनांची नाके कापल्याची वर्णने आहेत. ज्याला चावडीपुढे रोज वाकावे लागे, त्याला घरी आल्यावर एकच प्रजा उरलेली होती. हे समजावून घेणे वेगळे आणि त्याला माफी देणे वेगळे. आपण समजावण्याच्या नावाखाली पुष्कळ माफ्या वाटल्या.

बेबीताईंच्या बाबतीत एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. पुस्तकात त्यांनी समाजाचे जिणे लिहिले, स्वतःच्या संसाराविषयी जवळजवळ मौन पाळले. २००८ साली माया पंडित यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, त्याला जोडलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की नवरा संशयाने मारत असे, आणि लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले. आपल्या वाट्याचे ते दुःख सगळ्याच बायकांच्या वाट्याचे, त्यात वेगळे सांगण्यासारखे काय, असा त्यांचा भाव होता. ज्या बाईने अख्ख्या महारवाड्याची वेदना मांडली, तिला स्वतःच्या अंगावरचा वळ साहित्यात बसत नाही असे वाटले. असे वाटायला लावणारे आपण होतो. चळवळ, नियतकालिके, समीक्षक, सगळेच. ऊर्मिला पवारांनी २००३ साली ‘आयदान’मध्ये लग्नाची पहिली रात्र, नवऱ्याचा अधिकार गाजवणे, शिकण्याला झालेला विरोध हे सगळे मोकळेपणाने लिहिले. तेव्हा हे सांगायची गरज होती का, यात समाजाची बदनामी नाही का, असे आपल्यातलेच काही जण म्हणत होते. ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची भाषा क्रांतिकारक मानणारे लोक बाईने आपल्या बिछान्याविषयी चार वाक्ये लिहिली की सभ्य होतात! पुरुषाने वेश्यावस्तीवर लिहिले तर विद्रोह, आणि बाईने नवऱ्यावर लिहिले तर घरचे धुणे.

आता पुन्हा ‘अक्करमाशी’कडे येतो. मुलगा आईला विचारतो, तू मान्य का केलेस? मला वाटते, या प्रश्नाची खरी जागा आई नाहीच, आणि पुस्तकाच्या ओघात लेखकालाही हे जाणवत जाते. गावोगावच्या पाटलांनी अशाच बायका ठेवल्याचे तो लिहितो, म्हणजे त्याला व्यवस्था दिसते. तरीही जखम जिथून भळभळते तिथे तो आईकडेच पाहतो, कारण बाप हाती लागत नाही आणि आई समोर आहे. हे मुलाच्या मनाचे वास्तव आहे. फेरेन्झीने सांगितले तसेच, बलवानाचा अपराध दुर्बळाच्या अंगावर येऊन बसतो. आईच्या अंगावरून तो मुलाच्या अंगावर येतो. ‘अक्करमाशी’ हा शब्द अपराध न करणाऱ्यालाच चिकटलेला आहे. समीक्षकाचे काम मुलाच्या वेदनेचे कौतुक करून संपत नाही. त्या वेदनेने आईवर जो एक नकळत अन्याय केला, तोही दाखवावा लागतो. असे दाखवल्याने पुस्तक लहान होत नाही.

चर्चासत्रातल्या त्या मुलाला मी नंतर गाठले. चहा घेताना त्याला एवढेच विचारले की पाटलाने असे का केले, हे सभागृहात कुणी का विचारले नाही? तो म्हणाला, “त्याचं काय सर, ते तर माहीतच आहे.” हे ‘माहीतच आहे’ मी वहीत लिहून ठेवले.

या वर्षी ‘अक्करमाशी’ शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक काम दिले. पुस्तकात पाटलाला कुणी काही विचारते, अशी ठिकाणे शोधून आणा. आणि दुसरे, आपल्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला, ती सांगेल तेवढेच, तिच्या लग्नाच्या दिवसांविषयी विचारून लिहून आणा. पहिल्या कामाच्या वह्या आठवड्यात आल्या आणि बहुतेक कोऱ्याच आल्या. दुसऱ्या कामाची वही घेऊन एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिच्या आजीने सांगितले होते, आठ पाने होती. तिने विचारले, “सर, हे वर्गात वाचायचं नसेल तर चालेल का? आणि आजोबांचं नाव खोडलंय.” चालेल म्हणालो. वही अजून माझ्याजवळ आहे.